रायझन ५ २६०० बदलावा, की ग्राफिक्स कार्ड?

मेघमल्हार

नमस्कार. माझ्या संगणकात रायझन ५ २६०० हा प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन पट्ट्या मिळून १६ जीबी डीडीआर४ रॅम आणि आरटीएक्स ३०६० टीआय हे ग्राफिक्स कार्ड आहे. कार्ड मागाहून घेतलेले आहे, बाकीचे भाग पहिल्यापासूनचेच आहेत. मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्झचा आहे. मी प्रामुख्याने काउंटर-स्ट्राइक २, सायबरपंक २०७७ आणि बाल्डर्स गेट ३ हे तीन गेम खेळतो.

अडचण अशी आहे की बाल्डर्स गेट ३ च्या तिसऱ्या अंकात शहराच्या गजबजलेल्या भागात शिरल्यावर चालता चालता कॅमेरा फिरवला, तर चित्र हिसके देत पुढे सरकते; तेच गटारांच्या भुयारात उतरलो की सगळे पुन्हा सुरळीत होते. सायबरपंकमध्येही बाजाराच्या गर्दीत असेच घडते. ग्राफिक्सच्या सेटिंग 'अल्ट्रा'वरून 'लो'वर आणून पाहिल्या, तरी शहरात फारसा फरक पडला नाही. मात्र टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर ५० ते ६० टक्क्यांच्या वर जाताना दिसत नाही, त्यामुळे प्रोसेसर कमी पडतो आहे असे म्हणायलाही मन धजत नाही. एका मित्राच्या मते कार्डच आणखी वरचे घ्यायला हवे, तर दुसऱ्याच्या मते एवढ्या जुन्या प्रोसेसरबरोबर मदरबोर्ड आणि रॅमसुद्धा बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. खर्च एकदाच करायचा आहे आणि तो योग्य ठिकाणी व्हावा, एवढीच इच्छा आहे. नेमके काय कमी पडते आहे हे घरच्या घरी कसे ओळखावे, आणि प्रोसेसर बदलायचाच झाला तर कोणता घ्यावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

संगणकमित्र

तुम्ही जे वर्णन केले आहे, त्यातच अर्धे उत्तर आहे. सेटिंग 'लो' केल्यावरही फ्रेम (दर सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रे) वाढत नसतील, तर कार्डाला आधीच काम कमी आहे आणि ते प्रोसेसरची वाट पाहत बसले आहे, असा त्याचा सरळ अर्थ होतो. तरीही खर्चाचा प्रश्न असल्यामुळे अंदाजावर न जाता मोजून पाहणे इष्ट.

प्रथम टास्क मॅनेजरच्या त्या आकड्याविषयी, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते. २६०० मध्ये ६ कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आणि १२ थ्रेड (एकाच वेळी चालू शकणाऱ्या कामांच्या ओळी) आहेत. टास्क मॅनेजर या बाराही थ्रेडची सरासरी दाखवतो, म्हणजे एक थ्रेड पूर्ण क्षमतेने राबत असेल आणि बाकीचे अकरा स्वस्थ असतील, तर तुम्हाला दिसणारा आकडा जेमतेम ८ टक्के असेल. गेमचे काम बाराही थ्रेडमध्ये सारखे वाटले जात नाही. खेळाचे नियम, पात्रांच्या हालचाली आणि कार्डाला द्यायच्या सूचना यांचा मोठा भाग एक-दोन मुख्य थ्रेडवर चालतो, आणि ते थ्रेड वेळेत आटोपले नाहीत तर पुढची फ्रेमच तयार होत नाही. म्हणून प्रोसेसरचा एकूण वापर ५५ टक्के दिसत असतानाही प्रोसेसरच आडवा येत असणे पूर्णपणे शक्य आहे.

त्यापेक्षा कार्डाच्या वापराकडे पाहावे. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारा रिव्हाट्यूनर वापरून खेळतानाच पडद्याच्या कोपऱ्यात कार्डाचा वापर, फ्रेमची संख्या आणि फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा, आलेख दिसेल अशी सोय करून घ्या. व्ही-सिंक (फ्रेमचा वेग पडद्याच्या वेगाशी बांधणारी सोय) आणि फ्रेमवरची मर्यादा बंद ठेवा, नाहीतर आकडे दिशाभूल करतील. कार्डाचा वापर ९५ ते ९९ टक्के राहत असेल, तर मर्यादा कार्डाची आहे. तो ६० ते ७० टक्क्यांवर घुटमळत असेल आणि त्याच वेळी फ्रेम कमी असतील, तर कार्डाला पुरेसे काम पोहोचत नाही. मग खात्रीसाठी एकच गोष्ट करायची: त्याच जागी उभे राहून रिझोल्युशन १०८०पी वरून ७२०पी वर आणायचे. १०८०पी म्हणजे साधारण २०.७ लाख पिक्सेल आणि ७२०पी म्हणजे ९.२ लाख, म्हणजे कार्डाचे पिक्सेल रंगवण्याचे काम निम्म्याहूनही खाली येते. तरीही फ्रेम तेवढ्याच राहिल्या तर शंकेला जागा उरत नाही, कारण पिक्सेल कितीही घटवले तरी प्रोसेसरचे प्रत्येक फ्रेममागचे काम जवळजवळ तेवढेच राहते.

मोजणी एकाच गेममध्ये करून थांबू नका. 'बॉटलनेक', म्हणजे बाकीच्यांना अडवून धरणारा भाग, हा काही संगणकाचा कायमचा गुणधर्म नव्हे. तोच संगणक एका गेममध्ये कार्डामुळे आणि दुसऱ्यात प्रोसेसरमुळे अडतो, इतकेच काय, एकाच गेममध्ये भुयारात एक आणि चौकात दुसरे असेही होते. प्रोसेसर आणि कार्डाची नावे टाकली की 'इतके टक्के बॉटलनेक' असे सांगणारी जी संकेतस्थळे आहेत, त्यांच्यावर विसंबून खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तुम्ही कोणता गेम, कोणत्या जागी आणि किती फ्रेमच्या अपेक्षेने खेळता हे त्यांना कळण्याचा मार्गच नसतो.

आणि हे करण्याआधी रॅमचा वेग पाहून घ्या. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर तो दिसतो. पट्टीवर ३२०० छापलेले असले, तरी बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमपी ही रॅमचा छापील वेग लागू करणारी सेटिंग (काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात) चालू केल्याशिवाय ती २१३३, २४०० किंवा २६६६ यांपैकी कुठल्या तरी मूळ वेगानेच चालते. रायझनमध्ये कोअरचे गट ज्या अंतर्गत मार्गाने एकमेकांशी आणि मेमरीशी बोलतात, त्याचा वेग या पिढ्यांत रॅमच्या वेगाशी बांधलेला आहे, त्यामुळे रॅम संथ असली की फटका दुहेरी बसतो. दोन्ही पट्ट्या योग्य खाचांत आहेत ना, तेही पाहा. चार खाचांच्या बोर्डावर सहसा प्रोसेसरकडून मोजल्यास दुसरी आणि चौथी खाच वापरायची असते. शेजारशेजारच्या दोन खाचांत पट्ट्या बसवल्यामुळे ड्युअल चॅनेल (दोन्ही पट्ट्यांशी एकाच वेळी देवाणघेवाण) न मिळालेले संगणक आजही पाहायला मिळतात, आणि त्यांच्या मालकांना प्रोसेसर नव्हे तर केवळ पट्टीची जागा बदलण्याची गरज असते.

तळटीप

वरच्या सूचनांशी सहमत आहे, पण एक प्रश्न त्याआधी विचारायला हवा असे मला वाटते: तुम्हाला किती फ्रेम हव्या आहेत? ६० फ्रेमसाठी प्रत्येक फ्रेममागे १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ साठी फक्त ६.९. बाल्डर्स गेट ३ हा पाळीपाळीने खेळायचा गेम आहे. तिथे स्थिर ६० मिळाल्या तर खेळण्यात काहीच उणे राहत नाही. काउंटर-स्ट्राइकची गोष्ट अगदी वेगळी. तिथे १४४ हर्ट्झच्या पडद्याचे चीज व्हायचे असेल, तर सरासरी तर त्याहून बरीच वर हवीच, शिवाय सर्वांत संथ १ टक्का फ्रेमसुद्धा त्या रेषेच्या फार खाली जाता कामा नयेत. धुराचे गोळे आणि गोळीबार एकाच वेळी सुरू असताना फ्रेम किती उरतात, हा आकडा सरासरीपेक्षा महत्त्वाचा आहे.

दुसरे असे की पुढेमागे १४४०पी मॉनिटर घेण्याचा विचार असेल, तर तोही हिशेबात धरा. तिथे पिक्सेल १०८०पी च्या १.७८ पट होतात, भार कार्डाकडे सरकतो आणि आज प्रोसेसर बदलून जो फायदा दिसेल तो बऱ्याच गेममध्ये कमी दिसू लागतो. मी स्वतः अशा वेळी जुन्या सॉकेटवर (प्रोसेसर ज्यात बसतो ती बोर्डावरची बैठक; तुमची एएम४ आहे) आणखी खर्च करण्यापेक्षा थांबण्याच्या बाजूचा आहे. एएम५ सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये आला आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही तो चालू ठेवण्याचे रायझन बनवणाऱ्या एएमडीने जाहीर केले आहे. त्याच्यासाठी बोर्ड आणि डीडीआर५ रॅम दोन्ही नवे घ्यावे लागतात हे खरे, पण पुढचा प्रोसेसर त्याच बोर्डावर बसण्याची शक्यता तिथे आहे. एएम४ वर आता जे घ्याल ते शेवटचेच.

मेघमल्हार

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे मोजून पाहिले. रॅमचा वेग २४०० दिसत होता. पट्ट्या ३२०० च्या आहेत, एक्सएमपी बंद होते. ते चालू केल्यावर बाल्डर्स गेटच्या शहरात जिथे चाळिशीच्या आसपास फ्रेम मिळत होत्या, तिथे पंचेचाळीसच्या थोड्या वर मिळू लागल्या आणि हिसकेही किंचित कमी झाले. मात्र त्याच जागी ७२०पी वर आणल्यावर आकड्यात काही बदल झाला नाही, आणि कार्डाचा वापर मात्र ५० टक्क्यांच्याही खाली गेला. सायबरपंकमध्ये गर्दीच्या बाजारात कार्डाचा वापर ६५ टक्क्यांच्या आसपास, तर शहराबाहेरच्या माळरानावर ९७ टक्के. काउंटर-स्ट्राइकमध्ये रिझोल्युशन बदलून काहीच फरक पडत नाही.

मॉनिटर एवढ्यात बदलणार नाही. बाल्डर्स गेटसाठी ६० पुरेत, काउंटर-स्ट्राइकसाठी मात्र १४४ च्या खाली जाऊ नये असे वाटते. आता प्रोसेसरच कमी पडतो आहे याविषयी माझ्या मनात शंका नाही. प्रश्न उरतो तो याच बोर्डावर बसणारा रायझन ५ ५६०० घ्यावा, की रायझन ७ ५७००एक्स३डी, की सगळेच बदलावे. शिवाय एक उपप्रश्न: सायबरपंकमध्ये एफएसआर ३ चे फ्रेम जनरेशन (मध्ये जादा फ्रेम रचून घालणारी सोय) चालू केले तर प्रोसेसर न बदलता भागेल का?

चित्रचौकट

मोजणी इतकी स्वच्छ आली आहे की उत्तर देणे सोपे झाले. तुमच्या तीनही गेममध्ये, तुम्ही खेळता त्या जागी, अडसर प्रोसेसरचा आहे. आता वरचे कार्ड घेतले असते, तर शहरातल्या चौकात तेवढ्याच फ्रेम मिळाल्या असत्या आणि नवे कार्ड निम्मा वेळ बसून राहिले असते.

आता पिढ्यांचा फरक समजून घ्या, म्हणजे निवड आपोआप होईल. २६०० हा एप्रिल २०१८ चा, झेन+ रचनेचा प्रोसेसर. ५६०० हा एप्रिल २०२२ चा, झेन ३ रचनेचा. कोअर दोन्हीकडे सहा, थ्रेड दोन्हीकडे बारा, कमाल वेग ३.९ वरून ४.४ गिगाहर्ट्झ. केवळ हे आकडे पाहिले तर फरक किरकोळ वाटतो, आणि म्हणूनच 'कोअर तर तेवढेच आहेत, मग बदलून काय मिळणार' असे म्हणणारे भेटतात. खरा फरक आत आहे. एकाच क्लॉकमध्ये (प्रोसेसरच्या एका ठोक्यात) होणारे काम झेन २ मध्ये सुमारे १५ टक्क्यांनी आणि झेन ३ मध्ये त्यावर आणखी सुमारे १९ टक्क्यांनी वाढल्याचे एएमडीने सांगितले होते, आणि गेममध्ये त्याहून मोठा फायदा होतो तो कॅशच्या, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या जलद मेमरीच्या, मांडणीमुळे. २६०० मध्ये तीन-तीन कोअरचे दोन गट आहेत आणि प्रत्येक गटाकडे स्वतःची ८ एमबी एल३ कॅश आहे. एका गटातल्या थ्रेडला दुसऱ्या गटाकडची माहिती हवी असली, की तिला त्या संथ अंतर्गत मार्गावरून यावे लागते. ५६०० मध्ये सहाही कोअर एकाच गटात असून ३२ एमबी कॅश त्या सर्वांना थेट उपलब्ध आहे. ज्या गेममध्ये शेकडो पात्रांची स्थिती दर फ्रेमला तपासावी लागते, तिथे प्रोसेसरचा बराच वेळ गणितात नव्हे, तर रॅमकडून माहिती येण्याची वाट पाहण्यात जातो. स्वयंपाक करताना प्रत्येक डबा ओट्यावरून उचलणे आणि प्रत्येक डब्यासाठी माळ्यावर चढणे, यांत जो फरक आहे तो इथे आहे.

५७००एक्स३डी ही हीच कल्पना पुढे नेते. त्यात आठ कोअर आहेत आणि ३२ एमबीच्या वर आणखी ६४ एमबी कॅश रचून एकूण ९६ एमबी केलेली आहे. त्याचा कमाल वेग ४.१ गिगाहर्ट्झ, म्हणजे ५६०० पेक्षाही कमी आहे, तरी बहुतेक गेममध्ये तो पुढे राहतो. काउंटर-स्ट्राइक आणि बाल्डर्स गेटचे शहर या दोन्ही ठिकाणी मोठ्या कॅशचा उपयोग होतो. म्हणून माझे मत असे: बाल्डर्स गेट आणि सायबरपंक एवढेच खेळत असता, तर ५६०० घ्या आणि विषय संपवा असे म्हणालो असतो. पण काउंटर-स्ट्राइकमध्ये सर्वांत संथ फ्रेमही १४४ च्या जवळ राहाव्यात ही तुमची अपेक्षा असल्यामुळे, ५७००एक्स३डी जर ५६०० च्या फार पलीकडच्या किमतीला मिळत नसेल, तर तोच घ्यावा. किमतीत दुपटीहून अधिक अंतर असेल, तर मी ५६०० वर थांबेन. २६०० वरून तिथे येण्यातच सर्वांत मोठी झेप आहे आणि तिथून एक्स३डीकडे जाण्यातली झेप त्याहून लहान आहे.

नावांच्या बाबतीत मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. ५५००, ५६००जी आणि शेवटी एक्स नसलेला ५७०० हे तिन्ही वेगळ्या साच्यातले असून त्यांची एल३ कॅश १६ एमबीच आहे. ५७०० हा आठ कोअरचा असल्यामुळे ५६०० पेक्षा सरस वाटतो, पण गेममध्ये सहसा तो मागे पडतो. उलट टोकाला, सोळा कोअरच्या ५९५०एक्सचाही तुम्हाला उपयोग नाही. तुमच्या गेमला एवढे कोअर वापरताच येत नाहीत.

तळटीप यांचा एएम५ विषयीचा मुद्दा चुकीचा नाही, पण तो या संगणकाला लागू होत नाही असे मला वाटते. तीन भाग एकदम बदलण्याचा खर्च तेव्हा सार्थकी लागतो, जेव्हा कार्ड त्या प्रोसेसरला साजेसे असते किंवा लवकरच तसे होणार असते. ३०६० टीआय आणि १०८०पी पडदा यांच्यासाठी झेन ३ पुरेसा आहे. कार्ड ज्या मार्गाने जोडले जाते त्या पीसीआयईच्या बाबतीत तुमचा बोर्ड ३.० या आवृत्तीच्या पुढे जाणार नाही, पण हे कार्ड सोळाही लेन (मार्गिका) वापरते, त्यामुळे तिथे काळजीचे कारण नाही. आठच लेन वापरणारी कार्डे असतात, त्यांच्या बाबतीत हा विचार थोडा अधिक करावा लागला असता.

संगणकमित्र

फ्रेम जनरेशनविषयी थोडक्यात. ते दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक रचलेली फ्रेम घालते, त्यामुळे पडद्यावरचा आकडा वाढतो आणि हालचाल डोळ्यांना सुरळीत भासते. पण प्रोसेसर गेमचे जग सेकंदाला पूर्वी जितक्या वेळा हलवत होता, तितक्याच वेळा हलवतो आणि माउसची हालचालही तितक्याच वेळा वाचली जाते, किंबहुना मधली फ्रेम रचण्यासाठी पुढची खरी फ्रेम हाती यावी लागत असल्याने प्रतिसादाला थोडा अधिक उशीर होतो. खरे हिसके त्याने जात नाहीत. माळरानावर, जिथे मुळातच ६० च्या वर फ्रेम आहेत, तिथे ते जरूर वापरा. तोवर बाजारातल्या गर्दीसाठी गेममधली गर्दीची घनता कमी करा आणि रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा माग काढून प्रकाश दाखवण्याची सोय) बंद ठेवा. रे ट्रेसिंग हे केवळ कार्डाचे काम आहे असा समज आहे, पण दृश्यातल्या हलत्या वस्तूंची रचना दर फ्रेमला अद्ययावत ठेवण्याचा भार प्रोसेसरवरही पडतो. सावल्या, टेक्स्चर यांना हात लावू नका, तुमचे कार्ड ते सहज पेलते आहे.

मेघमल्हार

उत्तम. ५७००एक्स३डी बघतो, नाही जमले तर ५६००. बदल स्वतःच करणार आहे. बसवताना काय काळजी घ्यावी, एवढे सांगावे.

चित्रचौकट

जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच बायोस अद्ययावत करा. नव्या प्रोसेसरला ओळखणारी आवृत्ती आधी नसेल, तर बदलानंतर पडदा काळाच राहील. बोर्डाच्या निर्मात्याच्या पानावर प्रोसेसरची यादी असते; त्यात तुमच्या प्रोसेसरपुढे लिहिलेली किंवा तिच्यानंतरची आवृत्ती घ्या. काही बोर्डांवर या आवृत्तीनंतर जुन्या आवृत्तीवर परत जाता येत नाही, तेव्हा तिथली सूचना पूर्ण वाचा. बायोस बदलल्यावर एक्सएमपी पुन्हा बंद होते, ते नंतर चालू करावे लागेल.

विंडोजमध्ये डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर बायोसला हात लावण्याआधीच ते तात्पुरते स्थगित करा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. नवा प्रोसेसर बसवल्यावर बहुधा एफटीपीएम (कुलपाच्या किल्ल्या जपणारी प्रोसेसरमधली सोय) बदलल्याचा इंग्रजी संदेश येतो आणि वाय किंवा एन दाबायला सांगतो. वाय दाबल्यावर जुन्या किल्ल्या पुसल्या जातात. की हाताशी नसेल तर ती डिस्क उघडणार नाही.

कूलर काढताना घाई नको. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या खालच्या अंगाला असतात आणि प्रोसेसर व कूलर यांच्यामधली उष्णतावाहक पेस्ट सुकली असेल, तर कूलर सरळ वर ओढताच सॉकेटचा खटका लावलेला असूनही प्रोसेसर त्याला चिकटून बाहेर येतो. आधी पंधरा-वीस मिनिटे एखादा गेम चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग संगणक बंद करून वीज काढा, स्क्रू सोडवा आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळत पिळत सैल झाल्यावरच उचला. नवा प्रोसेसर ठेवताना त्याच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा. खटका उभा असताना तो स्वतःच्या वजनाने खाली बसला पाहिजे. बसला नाही तर दाबू नका, उचलून पिना आडव्या धरून पाहा, एखादी वाकलेली असेल तर रांग मोडलेली लगेच दिसते.

५७००एक्स३डी घेतलात, तर २६०० सोबत आलेला छोटा कूलर त्याला अपुरा पडेल, कारण वर रचलेल्या कॅशमुळे त्याची उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. साधा पण चार उष्णतानळ्यांचा उभा एअर कूलर पुरतो. ५६०० साठी त्याच्या पेटीतलाच कूलर चालेल, फक्त आवाज थोडा जास्त होईल. पहिल्यांदा सुरू केल्यावर रॅमची जुळणी होईपर्यंत पडदा काही वेळ काळा राहू शकतो. तेवढ्यात वीज बंद करू नका.